टांगा बंदरातील पराभव मधमाश्यांमुळे झाला नाही

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतो आहे: पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील पूर्व आफ्रिकेतल्या (आताच्या टांझानियातल्या) टांगा बंदरावर इंग्रजांच्या बाजूने उतरलेले हिंदी शिपाई मधमाश्यांना भिऊन पळाले आणि सुमारे आठ हजारांची फौज जर्मनांच्या हजारभर सैन्यापुढे हरली. शिंदे सरकारच्या तिसऱ्या पायदळ पलटणीचे शिपाईही त्या मोहिमेत होते, तेव्हा आपल्याच गावात तो पराभव हसण्यावारी नेला जावा, याचे फार वाईट वाटते.

मधमाश्या उठल्या ४ तारखेला. त्याच्या दोन दिवस आधीच ‘फॉक्स’ या इंग्रज युद्धनौकेच्या कप्तानाने बंदरात जाऊन शरणागती मागितली, शत्रू सावध झाला आणि जर्मन सेनापती लेटो-फोरबेक यांना मोशीहून रेल्वेने कुमक आणता आली. ३ तारखेच्या सकाळचा पहिला हल्ला मोडला, तेव्हा मधमाश्यांचा काहीच संबंध नव्हता.

राहिला भित्रेपणाचा आरोप. ही माणसे १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघाली होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ जहाजांवरची दाटी आणि समुद्र लागण्याचा त्रास सोसून, काही पलटणींना तर नव्या रायफली निघण्याच्या तोंडावर मिळालेल्या, अशा स्थितीत तेरावी राजपूत आणि एकसष्टावी पायोनिअर या पलटणी रात्रीच्या काळोखात खारफुटीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि उजाडताच त्यांना लढाईत लोटले गेले. समोर किती शत्रू आहे याची नीट टेहळणी इंग्रज सेनापती एटकन यांनी करवून घेतलीच नव्हती. काही तुकड्या फुटल्या, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण ४ तारखेच्या दुपारी काश्मीर रायफल्सचे जवान नॉर्थ लँकेशायर या इंग्रज पलटणीच्या गोऱ्या शिपायांसोबत थेट शहरात घुसून घराघरांतून लढले, हेही तितकेच खरे आहे, आणि मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

मधमाश्यांनी अठ्ठ्याण्णवाव्या पलटणीची दाणादाण उडवली खरी, पण त्या जर्मनांच्या मशीनगनवाल्यांनाही डसल्या. जर्मनांनी त्या मुद्दाम सोडल्या, ही तर निव्वळ भाकडकथा.

या मोहिमेत आपल्या बाजूचे सुमारे साडेआठशे जण मेले वा जखमी झाले. ज्यांनी मजकूर पुढे धाडला, त्यांनी या तारखा पाहून दुरुस्तीही त्याच गटांत धाडावी.