माणसांना भिणारा माणूसघाणा नसतो

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘माणसांची भीती वगैरे काही नसतं. हे लोक मुळात शिष्ट आणि माणूसघाणे. मोबाइलने बिघडलेत. चारचौघांत ढकला, आठ दिवसांत भीड चेपते.’ आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला. त्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे, म्हणून लिहिते.

आधी मोबाइलचं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ‘सोशल फोबिया’ची, म्हणजे माणसांत वावरण्याच्या या भीतीची, स्वतंत्र नोंद १९८० साली झाली. तेव्हा आपल्याकडे साध्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं.

शिष्ट म्हणाल, तर ज्याला लोकांची पर्वा नाही तो त्यांच्या नजरेला घाबरेल कशाला? माझा हा मावसभाऊ गॅस एजन्सीला फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून काढतो. हात थरथरून बशी वाजेल म्हणून लग्नघरात चहा नाकारतो. लोक म्हणतात, ‘केवढा भाव खातो!’ मी मागच्या खोलीत नेऊन दिला, की दोन कप पितो.

‘ढकला’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं, की अशा वेळी लक्ष समोरच्यांकडे नसतंच. ते आत वळतं. धडधड, तळहाताचा घाम, तापलेले कान. त्यावरून ‘मी किती बावळट दिसतोय’ हे चित्र मनात तयार होतं आणि तेच खरं वाटतं. त्यात खाली बघणं, कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं या युक्त्या. वेळ निभावली तरी ‘युक्तीमुळे वाचलो’ असंच वाटतं. म्हणून शंभर लग्नांना ओढून नेलं तरी भीती जिथल्या तिथे. लोकांत जावं लागतंच, पण त्याच्या संमतीने, युक्ती सोडून, नजर बाहेर ठेवून. उपचारात कधी त्याचाच बोलतानाचा व्हिडिओ दाखवतात. मनात रंगवलेल्या चित्रापेक्षा पडद्यावरचा माणूस बराच सावरलेला दिसतो.

नवख्या जागी बुजणं हा आजार नव्हे, हे खरंच. पण कॉलेज, नोकरी, बँकेतली कामं अडायला लागली तर तज्ज्ञ गाठा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. त्याला फोनच करवत नसेल तर घरच्यांनी लावावा. आम्ही तसाच लावला. सुरुवातीला मीच बोलत होते. तो शेजारी बसून मान हलवत होता.