फॉर्म 5 आठ दिवसांत का दिला नाही

नमस्कार. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं असं की चार वर्षं ट्रकवर क्लीनर असूनही आम्ही तुम्हाला नवख्यासारखं महिनाभर यायला सांगितलं, ‘दुसरीकडे आठवड्यात मिळतं ते सर्टिफिकेट’, म्हणजे फॉर्म 5, अडवून धरलं, मधले दोन दिवस गाडीच नव्हती आणि फोनही कुणी उचलला नाही.

शेवटच्या दोन तक्रारी खऱ्या आहेत. क्लच प्लेट गेली होती आणि गाडी दोन दिवस गॅरेजला होती. ते तुम्हाला आदल्या संध्याकाळीच कळवायला हवं होतं. तुम्ही कामावरची हजेरी बुडवून आलात आणि गेटवरून परत गेलात, ही चूक माझी. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गाडी बंद असली तर त्या दिवशीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आता स्वतः फोन करतो.

सर्टिफिकेटचं मात्र तसं नाही. ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसन्ससाठी आरटीओत जो फॉर्म 5 लागतो, त्यावर मी सही करतो ती ‘या माणसाने माझ्याकडे प्रशिक्षण पूर्ण केलं’ अशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे अवजड गाडीसाठी ते प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं असतं आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवरचे तास किमान 15. तुम्ही अकरा दिवस आलात. आमच्या तासांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे फॉर्म 15 मध्ये, तुमचे साडेसहा तास भरलेत आणि रोजच्या नोंदीपुढे तुमचीच सही आहे. उरलेले साडेआठ तास मी कागदावर कुठून आणू? तसंही लर्निंग लायसन्स निघाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. म्हणजे आठव्या दिवशी फॉर्म हातात देऊनही तुमचा महिना वाचला नसता.

साध्या लायसन्सवरही मालवाहू गाडी चालवता येते, कोर्टानेच सांगितलंय, असंही तुम्ही लिहिलंय. हा समज बऱ्याच जणांचा आहे म्हणून इथेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर 2024 चा तो निकाल एकूण वजन 7,500 किलोपर्यंतच्या गाड्यांपुरता आहे. तुमच्या मालकाची गाडी दहाचाकी आहे, भरली की 28 टनांच्या घरात जाते. तिला हेवी, म्हणजे अवजड गाडीचंच लायसन्स लागतं. त्यासाठी वय 20 पूर्ण, लाइट मोटारचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं आणि डॉक्टरचा फॉर्म 1अ, हे सगळं तुमच्याकडे आहे. कमी आहेत ते फक्त तास.

आणि ते तास मला का हवेत, हे तुम्हीच माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. चौथ्या दिवशी मैदानावर डावं वळण घेताना तुम्ही पुढचं चाक अगदी व्यवस्थित काढलंत, पण मागचं चाक आत कापून आलं आणि कोपऱ्यावर खुणेसाठी ठेवलेला ट्रॅफिक कोन त्याखाली चपटा झाला. केबिनमध्ये ना आवाज आला, ना धक्का बसला. शिकवणाऱ्या सरांनी गाडी थांबवून तुम्हाला खाली उतरवलं, तेव्हा तुम्ही बराच वेळ त्या कोनाकडे बघत उभे होतात. लांब गाडी वळवताना पुढचं टोक किती बाहेर न्यायचं आणि डाव्या आरशात मागचं चाक कधी बघायचं, हे शेजारच्या सीटवर बसून कळत नाही. चार वर्षं तुम्ही त्याच सीटवर होतात, तिथून हा आरसा तुमच्यासाठी लावलेलाच नसतो.

सातव्या दिवशीचं तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उतारावर तुम्ही कारची सवय म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारत राहिलात. एअर ब्रेकच्या गाडीत प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. हवेच्या प्रेशरचा काटा खाली आला, बझर वाजला आणि तुम्ही विचारलंत, “हा कसला आवाज?” प्रेशर अजून खाली गेलं असतं तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून गाडी वाटेतच जाम झाली असती. घाटात भरलेली गाडी उतरवायची ती खालच्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर. नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेकचे ड्रम तापतात आणि मग पाय कितीही दाबा, गाडी हवी तशी थांबत नाही. हे तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, यात तुमचा काही कमीपणा नाही. पण तो सातवा दिवस होता, आणि आठव्या दिवशी तुम्ही माझ्याकडे फॉर्म मागत होतात.

सर ओरडले, असंही लिहिलंय. त्यांच्याशी मी बोललो. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तो त्यांनी मारला आणि त्याच वेळी आवाज चढला. ब्रेक मारणं बरोबरच होतं, पण चार मुलांसमोर बोलले ते चुकलं. तसं त्यांनी कबूलही केलंय.

दुसरीकडून आठवड्यात कागद आणायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. सरकारमान्य ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरला जाणार असाल तर तिथून पास झाल्यावर आरटीओची टेस्ट माफ होते, हा मोठा फायदा आहे. पण तिथला अवजड गाडीचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा. वेळ वाचेल म्हणून जाऊ नका, चांगलं शिकायला जरूर जा.

आमच्याकडे परत आलात तर साडेसहा तास जमा आहेतच, बाराव्या दिवसापासून पुढे सुरू करू. कामावरची हजेरी बुडू नये म्हणून पहाटे 6 ची बॅच देतो. शेवटचे चार दिवस वाळूच्या गोण्या भरून गाडी चालवायची असते, ते दिवस मात्र चुकवू नका. लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते, तुमचं अजून चालू आहे. सोमवारी या, रजिस्टरचं तुमचं पान समोर ठेवून बसू.

— संचालक