आजींचे चार तोळे आणि आमचे चार तोळे

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, ‘आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडीत दिल्या, नव्याही चार तोळ्यांच्याच घेतल्या. जुन्या 46 ग्रॅम होत्या, नव्या 40. सहा ग्रॅम सराफाने खाल्ले.’ आजीच्या हातातलं सोनं मोडायचं आधीच जिवावर येतं, त्यात हे. राग समजतो.

तोळे दोन आहेत, आणि हे त्या दिवशी काउंटरवर तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक आमचीच. आजींचा तोळा 11.664 ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. राणीछाप चांदीचा रुपयाही बरोबर तोळाभर, म्हणून सोनार पारड्यात वजन म्हणून सरळ रुपयेच टाकत. वडिलांनी असे चार रुपये फडक्यात गुंडाळून ठेवलेत, झिजू नयेत म्हणून. पुढे ग्रॅम आले, पण लोकांच्या तोंडचा तोळा काही गेला नाही. हिशेबाला सोपा म्हणून तो 10 ग्रॅमचा झाला. आज लक्ष्मी रस्त्यावर कुठेही तोळ्याचा भाव विचारा, 10 ग्रॅमचाच सांगतील.

तुमचं बिल काढून बघितलं. जुन्या मापाने चार तोळे म्हणजे 46.656 ग्रॅम. तुमच्या पाटल्या भरल्या 46.280. फरक पावणेचारशे मिलिग्रॅमचा, तो आजींच्या मनगटावर इतक्या वर्षांत झिजला असणार. त्यांच्या सोनाराने माप चोख दिलं होतं बरं का! नव्या पाटल्या 40.120 आहेत. मधले 6.160 ग्रॅम कुणी खाल्ले नाहीत. मोड पूर्ण 46.280 वरच धरलीय आणि जादा सोन्याचे पैसे मजुरी व जीएसटीत वळते केलेत. म्हणून तर हातचे इतके थोडे द्यावे लागले. ‘जुने सोने’ ही ओळ बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, तेही बदलायला सांगितलंय.

‘चार तोळेच ना ताई, चारच देतो’ असं म्हणणाऱ्या आमच्या मुलाला आता तोंडीसुद्धा ग्रॅमच बोलायचं, अशी ताकीद दिलीय.

बिल आणि नव्या पाटल्या घेऊन एकदा पेढीवर या. वडिलांचा पितळी काटा अजून चालतो. एका पारड्यात ते चार रुपये टाकू, दुसऱ्यात तुमच्या पाटल्या. रुपयांचं पारडं किती खाली जातं ते तुम्हीच बघा.