विमानाचा उशीर तुकड्यातुकड्याने का सांगता?

गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळी विमानतळाहून मुंबई, पुणे, बंगळूरला जाणाऱ्यांनी डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, एक नियम पाठच करून ठेवावा. प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल, तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल आणि विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. दिल्लीचा प्रवास बहुधा अडीच तासांच्या वर जातो, तिथे ही मर्यादा तीन तासांची.

मेख आहे ती 'अपेक्षित' या अटीत: उशीर तुकड्यातुकड्याने सांगितला की दोन तास कधी 'अपेक्षित' दिसतच नाहीत. गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन मुंबईला डॉक्टरांकडे निघालो होतो. आधी चाळीस मिनिटं उशीर, मग आणखी पन्नास, मग "लवकरच कळवू". आमचं विमान आधीच्या शहरातून उडालेलंच नाही हे मला मोबाइलवर दिसत होतं, मग कंपनीला दिसत नव्हतं का? आत्या मधुमेही. जेवण कधी मिळणार ते कळल्याशिवाय इन्शुलिन घ्यायचं कसं? तिने पर्समधून पेन काढलं, स्क्रीनकडे पाहिलं, परत ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी मी काउंटरवर जाऊन "उशिराचं कारण आणि नवी वेळ लेखी द्या" म्हटलं. त्यानंतर थोड्याच वेळात गेटवरच्या सगळ्यांसाठी खाण्याचे बॉक्स आले.

काउंटरवरच्या मुलीवर माझा राग नाही, तिला वरून सांगतात तेच ती बोलते. राग पद्धतीवर आहे. कंपनीच्या चुकीने विमान ऐनवेळी रद्द झालं तर प्रवासाच्या वेळेनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, नाहीतर मूळ भाडं आणि इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. उशिराला मात्र रोख एक पैसाही नाही. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान तेवढं लांबलं तर हॉटेल. धुकं, वादळ, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) अशा हाताबाहेरच्या कारणांना यातून सूट आहे आणि ती असायलाही हवी. पण सकाळच्या दिल्लीच्या धुक्याच्या नावावर संध्याकाळचं गोवा-मुंबई विमान किती वेळ खपवायचं? कारण लेखी मागायचं ते याचसाठी.

जानेवारी 2024 मध्ये गोवा-दिल्ली इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं आणि प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. कंपनीला 1.20 कोटींचा दंड झाला. दंड सरकारजमा होतो, तासन्‌तास रखडलेल्या माणसाच्या हाती त्यातलं काही येत नाही. उशिराची अचूक माहिती वेळच्या वेळी प्रवाशांना द्या, असं डीजीसीएने त्याच सुमारास कंपन्यांना बजावलं होतं. गेटवर बसलं की ते कुठे दिसतं?

माझी मागणी सरळ आहे. कंपनीच्या चुकीने तीन तासांच्या वर उशीर झाला की ठरावीक रक्कम थेट प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावी, अर्ज-विनंत्या न करता. आपल्या खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरावा.

तोवर बोर्डिंग पास जपून ठेवा, स्क्रीनवर वेळ बदलली की दर वेळी फोटो काढा. आधी कंपनीकडे, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. तिथेही दाद मिळाली नाही तर उत्तर गोव्यातल्यांसाठी पर्वरीला आणि दक्षिण गोव्यातल्यांसाठी मडगावला ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.