खुलासा: मॅक्रोने उडवलेली नोंद कंट्रोल-झेडने परत येत नाही

लातूर, उदगीरकडं आडतीच्या पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) एक्सेलमध्ये करणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'शीटवरचं डिलीटचं बटण चुकून दाबलं तरी घाबरू नका, कंट्रोल-झेड दाबा, सगळं परत येतं.' हे चूक आहे. हाताने उडवलेली ओळ परत येते. पण शीटवरच्या अशा बटणामागे मॅक्रो असतो, म्हणजे एक्सेलला ठरावीक काम आपोआप करायला लावणारा छोटा प्रोग्राम. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल अनडूची, म्हणजे मागे घेता येणाऱ्या बदलांची, यादीच पुसून टाकतं. त्याआधी हाताने केलेले बदलही मग मागे घेता येत नाहीत.

अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करा, शेवटी सेव्ह केलेली नोंद शाबूत मिळेल. मॅक्रोतच सेव्हची ओळ असेल किंवा ऑटोसेव्ह चालू असेल, तर मात्र हा मार्गही बंद. ऐन सोयाबीनच्या हंगामात एका दुकानातल्या दिवसभराच्या पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोर अशाच गेल्या, शेतकरी पैशासाठी समोर उभे होते. म्हणून कळकळीने सांगतोय.

बटण बनवणाऱ्यांनी आधी 'हो की नाही' विचारावंच. त्याहून बरं, नोंद पुसण्याऐवजी 'रद्द' नावाच्या शीटवर हलवावी. आणि मॅक्रोतला लूप, म्हणजे एकेक ओळ तपासून उडवत जाणारा भाग, खालून वर चालवा. वरून खाली चालवला तर एक ओळ उडताच खालची वर सरकते आणि तपासायची राहते.