कोकणात टंचाई कशी आणावी?

मराठवाड्यात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस. तिथे विहिरी आटल्या तर त्यात कौतुक ते काय! आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. एवढं करून एप्रिलात वाडीत टँकर आणायचा, तर अंगात चिकाटी हवी.

निसर्गाची थोडी मदत आहे, नाही कशी म्हणू? जांभा पावसाचं पाणी भराभर पितो, खाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर, लागली की ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. पुढे उतार, पऱ्ह्या, खाडी, समुद्र. सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरचा, झाडोरा आणि कातळातल्या खळग्या तेवढ्या त्याला रेंगाळायला लावतात. म्हणून पहिला जेसीबी सड्यावर चढवा. कातळ सपाट करा, प्लॉट पाडा, ‘सी व्ह्यू’ची पाटी लावा. चिऱ्याची खाण काढलीत तर खड्डा उघडा ठेवू नका, त्यात पाणी साठायचा धोका असतो. गावचा कचरा कुठेतरी टाकायचाच आहे.

मग घराकडे वळा. खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवा. पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीत सोडायला एक पन्हळ आणि थोडी खडी-वाळू लागते. असले खर्च आपल्याला परवडत नाहीत. त्यापेक्षा बोअर मारा.

बोअरची जागा शेजाऱ्याच्या विहिरीला खेटून असावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतले भूवैज्ञानिक काळ्या फत्तरातल्या भेगांबद्दल कंटाळवाणं बोलतात, तेव्हा तळहातावर नारळ उभा करणारा पाणाड्या बरा. केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपात, काटकसर करा, म्हणजे जांभ्यातलं वरचं पाणी, शेजाऱ्याच्या वाट्याचं धरून, आयतं तुमच्या भोकात उतरेल. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची ती ‘खोल विहीर’. पण कायदा मीटरने मोजतो आणि गाडीवाला फुटाने. दोनशे फुटांवर नुसती धूळ उडाली, की ‘अजून पन्नास मारून बघू’ असं तोच सुचवील.

किनाऱ्यावरच्यांचं भाग्य आणखी थोर. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडंच, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे होमस्टेच्या पंपाने पातळी अर्धा मीटर उतरवलीत, की कालांतराने समुद्र खालून २० मीटर वर चढणार. माडा-पोफळीची आगरं सुकतील, पण पाहुण्यांना समुद्रस्नान खोलीतच मिळेल. भाडं वाढवा.

(कोयनेचं वीज करून उरलेलं पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. ते काम सरकारी पातळीवर चोख चाललंय, आपण लुडबुड नको.)

वनराई बंधारा मात्र बांधाच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, श्रमदान, फोटो. फक्त घाई करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वहाळाला धार असते, बंधारा खरोखर पाणी अडवून बसेल आणि खालची विहीर मे महिन्यापर्यंत तुमची फजिती करील. फेब्रुवारीत बांधा. एक थेंब गळत नाही.

टँकरचा अर्ज आत्ताच, जुलैत लिहून ठेवा. कारण ‘अपुरा पाऊस’ असं घाला. आणि ग्रामपंचायतीत नेताना कागद दोन पिशव्यांत गुंडाळा, एकीत भिजतो.