शिडीच्या पायऱ्या साखळी ओवत नाहीत

डीएनएची रंगीत शिडी आणि तिच्याखाली चार वाक्ये, असे एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरत असते. वाक्ये अशी: "ए-टी आणि जी-सी जोड्यांतल्या हायड्रोजन बंधांनी न्यूक्लिओटाइड जोडले जाऊन साखळी बनते. हे बंध कच्चे असल्याने ९५ अंशांना साखळी तुटते. आरएनए म्हणजे मधोमध चिरलेली तीच शिडी. न्यूक्लिओटाइड दोन्ही टोकांना आपोआप चिकटत साखळी वाढते." चारही चूक. आणि निम्मा दोष त्या चित्राचाच आहे.

न्यूक्लिओटाइड म्हणजे साखळीचा एक मणी: एक शर्करा, एक फॉस्फेट आणि एक बेस. ए, टी, जी, सी ही चार बेसांची आद्याक्षरे. पहिल्या वाक्यात आडव्या-उभ्याची गल्लत झाली आहे. ए-टी, जी-सी या जोड्या दोन पेडांच्या, म्हणजे दोन साखळ्यांच्या, मध्ये असतात. एकाच पेडातले दोन शेजारी धरून ठेवणे हे त्यांचे काम नाही. ते काम फॉस्फेट करतो. एका न्यूक्लिओटाइडच्या शर्करेवरचा तिसरा कार्बन आणि पुढच्याच्या शर्करेवरचा पाचवा कार्बन, या दोघांना दोन्ही हातांनी धरून मध्ये एक फॉस्फेट उभा असतो. दोन्हीकडे एस्टर बंध, म्हणून नाव फॉस्फोडायएस्टर. हे पक्के सहसंयुज बंध आहेत. बेस शर्करेच्या पहिल्या कार्बनवर बाजूला लटकलेला असतो. ओवण्यात त्याचा वाटा नाही. चित्रात मात्र शिडीचे उभे दांडे गुळगुळीत फितीसारखे रंगवतात, आणि खरा जोड नेमका त्या फितीखाली दडतो.

पडताळा हवा असेल तर कोरोना विषाणूचा आरएनए पाहा. सुमारे ३०,००० न्यूक्लिओटाइडांचा एकच पेड. समोर दुसरा पेड नाही, तरी साखळी अखंड.

९५ अंशांचा आकडा खरा, अर्थ चुकीचा. पीसीआर या डीएनएच्या नकला काढण्याच्या तंत्रात ९४-९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन पेड एकमेकांपासून सुटतात. ए-टीमधले दोन आणि जी-सीमधले तीन हायड्रोजन बंध मोडतात, फॉस्फोडायएस्टर बंध टिकतात. पेडच तुटले असते तर पुढच्या टप्प्यात नक्कल कशावरून उतरवली असती? वेणी सुटली म्हणजे केस तुटले असे कोणी म्हणत नाही.

'चिरलेली शिडी' हे तिसरे. पेशी डीएनए चिरून आरएनए काढत नाही. डीएनएचा एक पेड समोर ठेवून नवी साखळी गुंफते, तीही वेगळ्या मालाची. थायमिनच्या जागी युरॅसिल, डीऑक्सिरायबोजच्या जागी रायबोज. रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) जास्त असतो, आणि तोच घरभेदी ठरतो: अल्कधर्मी द्रावणात तो प्रोटॉन गमावतो, शेजारच्याच फॉस्फेटवर चाल करतो आणि साखळी तिथे तुटते. डीएनएत त्या जागी नुसता हायड्रोजन असल्याने त्याच द्रावणात त्याचे पेड सुटतात, साखळ्या राहतात. 'साखळी तुटते' हे वाक्य शोभेल तर इथे.

आता 'आपोआप'. सुटा न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेट घेऊन येतो. साखळीच्या ३-प्राइम टोकाचा, म्हणजे शर्करेचा तिसरा कार्बन जिथे मोकळा असतो त्या टोकाचा, हायड्रॉक्सिल त्यातल्या सर्वांत आतल्या फॉस्फेटला जोडला जातो आणि बाहेरचे दोन पायरोफॉस्फेट म्हणून गळतात. पुढे दुसरे विकर (एन्झाइम) त्या पायरोफॉस्फेटचेही दोन तुकडे करते, म्हणजे परतीची वाट बंद. ही जोडणी घडवणारे डीएनए पॉलिमरेज आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये शोधले. १९५९ चे नोबेल त्यांना मिळाले.

आणि 'दोन्ही टोकांना'? पॉलिमरेज फक्त ३-प्राइम टोकाला भर घालते. यामागचे एक कारण मला फार आवडते. चुकीचा न्यूक्लिओटाइड बसला तर विकर तो काढून टाकते. जोडणीची ऊर्जा येणाऱ्या न्यूक्लिओटाइडजवळ असल्याने पुढचा नवा न्यूक्लिओटाइड ती घेऊनच येतो. साखळी उलटी वाढत असती तर ही ऊर्जा तिच्याच टोकाशी राहिली असती. चूक खोडताना तीही गेली असती आणि काम तिथेच अडले असते.

एड्सवरचे १९८७ मध्ये मान्यता मिळालेले झिडोवुडिन याच टोकावर घाव घालते. त्यात ३-प्राइम जागी हायड्रॉक्सिलऐवजी अझाइड गट असतो. विषाणूच्या विकराने ते साखळीत बसवले की पुढचा न्यूक्लिओटाइड धरायला हातच उरत नाही. दोन्ही टोके वाढती असती तर एक बंद करून भागले नसते.

उलट दिशेने वाढणारी साखळी पाहायचीच असेल तर प्रयोगशाळेतल्या डीएनए-संश्लेषण यंत्रात पाहा. तिथे ३-प्राइम टोक आधाराला घट्ट बांधतात आणि ५-प्राइम, म्हणजे पाचव्या कार्बनच्या, बाजूला भर घालत जातात. तिथेही वाढते टोक एकच, आणि आपोआप तर काहीच नाही: एकेका न्यूक्लिओटाइडसाठी चार टप्प्यांची रासायनिक फेरी.